फार्मसीचे दार बारावी विज्ञानापुरतेच का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा या आमच्या पट्ट्यात डी. फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) आणि बी. फार्म. (पदवी) यांच्या प्रवेशाची चौकशी सुरू होते आणि तिचा काही भाग दरवर्षी माझ्यासारख्या औषध दुकानदारांच्या काउंटरवर येऊन ठेपतो. गुण किती लागतात, सीईटी दिली नसेल तर काय करायचे, वसतिगृह कोठे मिळेल, असे विचारणाऱ्यांना उत्तर देणे सोपे असते. अवघड जातो तो वेगळाच प्रश्न: "बारावी सायन्स नाही, पण इतकी वर्षे मेडिकलवर काम करतोय, मला फार्मसी करता येईल का?" आजच्या नियमांनुसार याचे प्रामाणिक उत्तर 'थेट नाही' असेच द्यावे लागते. ते उत्तर बदलता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी संसदेत जाण्याचीही गरज नाही, एवढे तंत्रशिक्षण संचालनालय, आदिवासी विकास विभाग आणि फार्मसी शिक्षणाचे नियम ठरवणारी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया यांच्या कानी घालावे, म्हणून हे पत्र.

हा प्रश्न विचारणारे कोण, ते आधी सांगितले पाहिजे, कारण 'बारावी सायन्स नाही' एवढे ऐकले की अभ्यासात कच्चा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो आणि ते चित्र बरेचदा खोटे असते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून येऊन आश्रमशाळेत दहावी झालेला मुलगा अकरावीला कला शाखा घेतो, ती दर वेळी आवडीने घेतो असे नाही. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसते; असली तर रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके जर्नलमध्ये उतरवून काढण्यापुरतीच होतात; आणि शहाद्याला किंवा नंदुरबारला खोली करून राहणे घरच्यांना झेपत नाही. काही घरांतून दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड ऊसतोडीला गुजरातेत जाते आणि मुलाचे वर्ष मध्येच तुटते. कोणी दहावीनंतर आयटीआयला जातो, कोणी एमसीव्हीसी (बारावी पातळीचा व्यावसायिक अभ्यासक्रम) करतो, कोणी चार-पाच वर्षे घरी बसून मग बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरतो आणि कला शाखेतून बारावी काढतो. मुलींच्या बाबतीत तर शाखा निवडण्याचा प्रश्नच अनेकदा येत नाही. गावातून जी एसटी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते, ती ज्या कॉलेजला पोचवते तीच शाखा. अशाच काही जणी लग्नानंतर तालुक्याच्या गावी येतात, एखाद्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलवर कामाला लागतात आणि दोन-तीन वर्षांत दुकान एकहाती सांभाळू लागतात.

माझ्या दुकानातील एक सहकारी याच वाटेने आलेला आहे. शिक्षण बारावी कला. सकाळी माल आला की बिलावरचा बॅच नंबर आणि एक्सपायरी खोक्यावरच्या छापाशी ताडून पाहणे, इन्सुलिन आधी फ्रिजमध्ये ठेवून मगच बाकीची खोकी फोडणे, मुदत जवळ आलेला माल पुढच्या कप्प्यात काढणे, हे त्याला सांगावे लागत नाही. शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या नोंदवहीत रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि औषधाची संख्या तो लिहितो, मी चिठ्ठीशी पडताळून सही करतो. त्याची खरी किंमत मात्र आठवडे बाजाराच्या दिवशी कळते. सपाटीवरच्या गावातला शेतकरी "भाऊ, हाई गोयी कव्हय लेवानी?" असे अहिराणीत विचारतो, तेव्हा त्याला मीही समजावू शकतो, डोंगरातून उतरलेल्या आणि मराठी न कळणाऱ्या पावरा समाजाच्या आजीशी बोलायला मात्र तोच लागतो. सकाळच्या गोळीच्या पाकिटावर तो पेनाने सूर्य काढतो, रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर. अर्धी गोळी घ्यायची असेल तर गोल काढून मधोमध रेघ मारतो, आणि आजीकडून सगळे एकदा वदवून घेतल्याशिवाय पाकीट तिच्या हातात देत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात ज्याला रुग्ण समुपदेशन म्हणतात ते हेच, आणि त्याचे धडे घेऊन आलेली पदवीधर मुले पावरी येत नसल्यामुळे या जागी गप्प उभी राहिलेली मी पाहिली आहेत. तरीही शिक्षणाच्या हिशेबात या माणसाच्या इतक्या वर्षांची किंमत शून्य धरली जाते.

आता नियम काय आहेत ते नीट मांडतो, कारण त्यांच्याविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते. डी. फार्म.साठी कौन्सिलचे २०२० चे शिक्षण विनियम लागू आहेत. त्यानुसार विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासह जीवशास्त्र किंवा गणित घेऊन, बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. ही बारावी 'ॲकॅडेमिक' प्रवाहातील असावी असे विनियमांत म्हटले असल्याने एमसीव्हीसीचे विद्यार्थी बाहेर राहतात. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी. फार्म.साठी २०१४ चे विनियम आहेत. तेथेही विषय हेच, वर इंग्रजी, आणि आपल्या राज्यात त्याशिवाय सीईटी व विज्ञान विषयांत मिळून खुल्या गटासाठी ४५ आणि राखीव गटासाठी ४० टक्के गुणांची अट. डी. फार्म.ला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. कमाल वयाची अट या विनियमांत नाही, ही एक जमेची बाजू आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. तिशी ओलांडलेली माणसे 'आता वय गेले' असे स्वतःच ठरवून मोकळी होतात.

बारावी विज्ञानाचा उंबरठा एकदा ओलांडला की पुढे वाटा पुष्कळ आहेत आणि त्या चांगल्या आहेत, हेही सांगायला हवे. बारावीत कमी गुण पडले किंवा सीईटी जमली नाही, तर डी. फार्म. करून बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. चार वर्षांऐवजी तीन वर्षांत पदवी पूर्ण होते. फार्म. डी. या सहा वर्षांच्या पदवीलाही बारावीप्रमाणेच डी. फार्म. ही पात्रता धरली जाते. नोंदणीकृत पदविकाधारकाने चार वर्षे औषध दुकानात किंवा रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलेले असेल, तर त्याच्यासाठी बी. फार्म. (प्रॅक्टिस) नावाचा वेगळा पदवी अभ्यासक्रम २०१४ पासून नियमांत आहे. तो चालवणाऱ्या संस्था मोजक्या असल्याने आमच्या भागातील बहुतेक दुकानदारांना त्याचे नावही ठाऊक नाही. म्हणजे पदविकेनंतर अनुभवाला मोल आहे. पदविकेच्या आधी मात्र नाही.

मग ज्याच्याकडे बारावी विज्ञान नाही, त्याने काय करावे? आज त्याच्यापुढे एकच सरळ वाट उरते: विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा द्यायची. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही सोय देते. तेथे नाव नोंदवल्यावर पाच वर्षांच्या मुदतीत नऊ वेळा परीक्षेला बसता येते, एकेक विषय सवडीने सोडवता येतो, मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेत आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण वर्ग करून घेता येतात आणि प्रात्यक्षिकांची परीक्षाही होते. ज्याची कला शाखेची बारावी झालेली आहे, त्याला फक्त हवे तेवढे विषय, जास्तीत जास्त चार, घेण्याचीही मुभा आहे. आपल्या राज्य मंडळाकडेही तुरळक, म्हणजे सुटे, विषय घेऊन परीक्षेला बसण्याची तरतूद आहे.

कागदावर ही वाट सरळ दिसते. प्रत्यक्षात कला शाखेची एक गुणपत्रिका आणि विज्ञान विषयांची दुसरी, अशा दोन गुणपत्रिका घेऊन उमेदवार प्रवेशाच्या खिडकीशी गेला की तेथला लिपिक गोंधळतो. गेल्या काही हंगामांत एका महाविद्यालयाने ज्याला 'चालेल' म्हटले त्याच उमेदवाराला दुसऱ्या महाविद्यालयाने 'लेखी आणा' म्हणून परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. लेखी कोणाकडून आणायचे, ते कोणी सांगितले नाही. अकरा महिने रात्री जागून केलेला अभ्यास अशा एका वाक्यावर अडकतो. या बाबतीत वैद्यकीय शिक्षणाने अधिक मोकळेपणा दाखवला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांना नीटसाठी पात्र ठरवले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला जे चालते ते फार्मासिस्ट होऊ पाहणाऱ्यालाही चालते, अशी एक स्पष्ट ओळ डी. फार्म. आणि बी. फार्म.च्या माहितीपुस्तिकेत छापण्यास काय अडचण असावी, हे कळत नाही.

या संदिग्धतेचा फायदा घेणारे लोक तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. 'दहावी नापास? थेट बारावी सायन्स, घरबसल्या' असे फलक एसटी स्टँडच्या भिंतींवर कोणीही पाहावेत. कोणत्या तरी अनोळखी मंडळाची गुणपत्रिका दिली जाते, तिच्या आधारे परराज्यात न जाताच पदविका मिळवून देण्याचे आश्वासन दिले जाते आणि पैसे हप्त्याने घेतले जातात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने यासाठी बैलजोडी विकली. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी झाली तेव्हा ते मंडळच मान्यताप्राप्त नसल्याचे निघाले. येथे सर्वांनी ध्यानात ठेवावे की फार्मसीचा कोणताही अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणातून फार्मसी वगळलेली आहे, आणि फार्मसी कायद्याच्या कलम १२ खाली मान्यता नसलेल्या संस्थेच्या पदविकेवर नोंदणी होत नाही. पैसे देण्याआधी संस्थेचे नाव कौन्सिलच्या यादीत पाहून घेणे, एवढे तरी प्रत्येकाला करता येते. पण जेथे सरळ वाट अरुंद आणि धूसर असते तेथे दलाल पोसले जातात, हे शासनानेही ओळखावे. नुसत्या कारवाईने हे फलक उतरणार नाहीत.

अनुभवाला कायद्यात स्थानच नाही असे मानण्याचेही कारण नाही. फार्मसी कायदा १९४८ सालचा. त्यापूर्वी आपल्याकडे दवाखान्यांत औषधे तयार करून देणारे कंपाउंडर असत आणि त्यांतील बहुतेकांनी हे काम हाताखाली राहूनच शिकलेले असे. फार्मासिस्टांची पहिली नोंदवही तयार करताना कायद्याने या माणसांना वाऱ्यावर सोडले नाही. कलम ३१ मध्ये पदवी-पदविकाधारकांबरोबर, रुग्णालयात किंवा दवाखान्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधे तयार करून देण्याचे काम किमान पाच वर्षे केलेल्यांनाही नोंदणीस पात्र ठरवले. आमच्या भागातील जुन्या पिढीच्या कितीतरी औषध दुकानांची सुरुवात अशाच माणसांनी केली. ती तरतूद संक्रमणकाळापुरती होती आणि ती संपली ते योग्यच झाले. आजही घाऊक औषध विक्रीच्या परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा असे नाही: दहावी उत्तीर्ण आणि औषध विक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा कोणतीही पदवी आणि एक वर्षाचा अनुभव, एवढ्यावर औषधे नियमांनुसार ती व्यक्ती सक्षम ठरते. अगदी अलीकडे, २०२३ साली, संसदेने फार्मसी कायद्यात कलम ३२-सी घालून जम्मू-काश्मीरच्या जुन्या राज्य कायद्याखाली नोंदणी वा पात्रता असलेल्यांना सामावून घेतले. जेथे गरज पटली तेथे कायद्याने जागा करून दिलेली आहे.

एवढेच कशाला, बी. फार्म.चा सध्याचा अभ्यासक्रमच पाहा. ज्याने बारावीला जीवशास्त्र घेतले त्याला पहिल्या सत्रात उपचारात्मक गणित शिकवतात, ज्याने गणित घेतले त्याला उपचारात्मक जीवशास्त्र. पदविकेवरून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांना संवादकौशल्य आणि संगणकाचा उपयोग हे विषय जादा पूर्ण करून घ्यावे लागतात. विद्यार्थ्याकडे एखादा विषय नसेल तर तो आत घेऊन शिकवता येतो, हे तत्त्व कौन्सिलने स्वतःच मान्य केलेले आहे. ते एका विषयापुरते लागू होते आणि तीन विषयांना लागू होत नाही, याचे शास्त्रीय कारण मला दिसत नाही. फक्त वेळ जास्त लागेल.

इतर देशांत याची घडी बसलेली आहे. ब्रिटनमध्ये फार्मासिस्ट होण्यासाठी चार वर्षांची एम. फार्म. पदवी, त्यानंतर एक वर्षाचे प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा असा क्रम आहे, आणि प्रवेशासाठी सामान्यतः शालेय शेवटच्या टप्प्यावर रसायनशास्त्र लागते. पण शाळा मध्येच सुटलेल्या प्रौढांसाठी तेथे 'ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा' आहे. साधारण एका वर्षात ६० श्रेयांक (क्रेडिट), त्यांतील ४५ शालेय शेवटच्या टप्प्याच्या तोडीचे. विज्ञानाचे विषय घेऊन हा डिप्लोमा चांगल्या श्रेणीत पूर्ण केला की काही विद्यापीठे फार्मसीला घेतात; काही विद्यापीठांनी तर पदवीलाच आधीचे एक पूर्वतयारीचे वर्ष जोडून दिले आहे. तेथेही इंग्रजी आणि गणिताची किमान अट सोडलेली नाही आणि शेवटची नोंदणी परीक्षा सर्वांना एकच आहे. घरच्याच उदाहरणासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे पाहावे. त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रमातून शाळा सुटलेल्या कितीतरी प्रौढांना कला आणि वाणिज्य पदवीपर्यंत आणले. विज्ञानाच्या आणि त्यातही औषधांच्या दिशेने मात्र असा जिना कोणी बांधला नाही.

यावर पहिला आक्षेप रुग्णाच्या सुरक्षिततेचा येईल, आणि तो मला मान्य आहे. नुसत्या अनुभवावर कोणालाही फार्मासिस्ट म्हणून नोंदवू नये, या मताचा मी आहे. काउंटरवर वर्षे काढल्याने औषधांची नावे, डॉक्टरांची अक्षरे आणि गिऱ्हाइकाचा स्वभाव कळतो. औषध शरीरात काय करते ते कळत नाही. लहान मुलांच्या तापाचे औषध घ्या. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर १२५ च्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५, म्हणजे १ मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १२० मिलिग्रॅम द्यायचे, तर थेंबांचे औषध १.२ मिलिलिटर पुरते आणि सिरप जवळजवळ एक चमचा लागते. घरी सिरपचा चमचा ठरलेला आहे म्हणून आईने थेंबांच्या बाटलीतूनही चमचाभर दिले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. माझा सहकारी अशा वेळी 'हे औषध जाड आहे, नळीनेच द्या' असे बजावतो आणि ते बरोबरच असते. पण वजनावरून मात्रा काढून ती चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडणे त्याला शिकवलेले नाही. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना (एन्झाइमना) चालना देते आणि त्यामुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटतो, ही गोष्ट तर नुसत्या निरीक्षणाने कोणालाच उमगणार नाही. त्यासाठी शरीरक्रियाशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकावेच लागते. म्हणूनच अट सैल करा असे मी म्हणत नाही. जे विज्ञान या माणसांना शाळेच्या वयात मिळाले नाही ते आता मिळण्याची सोय करा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातून येईल: पदविकाधारक आधीच भाराभर झालेत, आणखी कशाला? कौन्सिलने नव्या महाविद्यालयांवर घातलेली पाच वर्षांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवली आणि त्यानंतर गावोगाव महाविद्यालये निघाली, हे खरे आहे. पण त्यांतून बाहेर पडलेल्यांपैकी मोलगी किंवा धडगावला दुकान टाकून राहणारे किती? पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत जाणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. डोंगरात राहील असा फार्मासिस्ट हवा असेल, तर तो डोंगरातल्या माणसांतूनच घडवावा लागेल, इतकी ही साधी गोष्ट आहे. शिवाय भाड्याने दिलेले प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर भलताच माणूस, हा प्रकार आमच्या व्यवसायात चालतो हे औषध प्रशासनाला ठाऊक आहे आणि आम्हालाही. जो माणूस प्रत्यक्ष काउंटरवर उभा आहे त्याला शिकवून पात्र करणे हा त्यावरचा एक उपाय आहे. एकमेव नसेल, पण धाडी घालण्यापेक्षा टिकाऊ आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेल्या आणि परवानाधारक औषध दुकानात किंवा रुग्णालयाच्या औषध विभागात किमान तीन वर्षे काम केलेल्या दहावी उत्तीर्ण व्यक्तींसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम सुरू करावा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, व्यवहारी गणित आणि औषधशास्त्राला लागणारे इंग्रजी, एवढेच विषय. वर्ग आणि प्रयोगशाळा नव्याने बांधण्याची गरज नाही. आमच्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा संध्याकाळी आणि रविवारी कुलूपबंदच असतात. परीक्षा मात्र महाविद्यालयाच्या हाती देऊ नये, राज्य मंडळाने किंवा तंत्रशिक्षण मंडळाने घ्यावी आणि प्रात्यक्षिकांना परीक्षक बाहेरचे असावेत. उत्तीर्ण होणाऱ्यास केवळ डी. फार्म.पुरते बारावी विज्ञानाशी समकक्ष मानावे. त्यापुढे त्याने इतरांसारखीच दोन वर्षे हजेरी लावावी, ५०० तासांचे प्रशिक्षण घ्यावे आणि २०२२ च्या विनियमांनी ठरवलेली पदविकेनंतरची, नोंदणीआधीची तीन पेपरांची एक्झिट परीक्षा प्रत्येक पेपरात ५० टक्के मिळवून उत्तीर्ण व्हावी. बाहेर पडतानाचे दार जर सर्वांना सारखेच अरुंद आहे, तर आत येण्याच्या दाराविषयी इतके साशंक राहण्याचे कारण उरत नाही. आणि ज्याला पदवी हवी आहे त्याच्यासाठी पदविकेनंतर थेट दुसरे वर्ष आहेच.

यात दोन ठिकाणी काळजी घ्यावी लागेल. अनुभवाचा दाखला दुकानदार देईल म्हटले की आमच्यातलेच काही जण पैसे घेऊन दाखले वाटतील, हे मी याच व्यवसायात राहून सांगतो. म्हणून नुसत्या लेटरहेडवर विश्वास न ठेवता बँकेत जमा झालेला पगार किंवा कामगार म्हणून झालेली अधिकृत नोंद हाच पुरावा मानावा. त्यामुळे मालकांना हजेरीपटावर नाव घ्यावे लागेल; तसे झाले तर कामगारांचा तो वेगळाच लाभ. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. आमच्या भागात जूनमध्ये पेरणी आणि दिवाळीनंतर स्थलांतर हे वर्षाचे दोन खांब आहेत, आणि मेडिकलवर काम करणाऱ्याला संध्याकाळी दवाखाने सुटण्याच्या वेळी मालक सोडत नाही. वर्ग सकाळी लवकर किंवा रविवारी ठेवले तरच ते भरतील. नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी शुल्काचा भार उचलला आणि शिष्यवृत्तीसाठी शिक्षणातील खंडाचे कारण देत पुन्हा पुन्हा प्रतिज्ञापत्रे मागितली नाहीत, तर डोंगरातले उमेदवार येतील.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. डी. फार्म. आणि बी. फार्म. या दोन्हींच्या विनियमांत पात्रतेच्या यादीअखेर 'कौन्सिलने समकक्ष म्हणून मान्य केलेली अन्य कोणतीही अर्हता' असे कलम आहे. ते इतकी वर्षे यादीच्या शेवटी पडून आहे. राज्य शासनाने अभ्यासक्रमाचा आराखडा करून या कलमाखाली कौन्सिलकडे प्रस्ताव पाठवावा, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आपल्या परिक्षेत्रात नंदुरबारसारखा आदिवासीबहुल जिल्हा आहे हे लक्षात घेऊन तो आराखडा करण्यात पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे. प्रस्तावाला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. एनआयओएस आणि तुरळक विषयांच्या गुणपत्रिकांबाबतचा खुलासा मात्र एका परिपत्रकाचे काम आहे. तंत्रशिक्षण संचालनालयाने तो पुढील वर्षाच्या माहितीपुस्तिकेत मराठीत छापावा आणि प्रवेश केंद्रांच्या भिंतीवर लावावा. एनआयओएसच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेला बसायचे की नाही, हे आमच्याकडच्या काही जणांना त्याआधी ठरवायचे आहे.

आपला विश्वासू,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट,
शहादा, जि. नंदुरबार